स्पीकर बोलेल, तुम्ही लिहा

क्लासच्या मालकीणबाईंनी टेबलावर काळा स्पीकर ठेवला आणि वीस पोरांसमोर मला म्हणाल्या, “उद्यापासून बोलायचं काम हा करेल. तुम्ही फक्त फळ्यावर लिहा.”

मला वाटलं, गंमत करतायत. पोरांनाही तसंच वाटलं, दोघंतिघं हसली. बाई हसल्या नाहीत.

शहरातल्या पुंडलिकनगरात एका फ्लॅटच्या हॉलमध्ये हा क्लास. मराठी शाळेतून काढून इंग्लिश मीडियमला घातलेली दुसरी-तिसरीची पोरं. त्यांना मी व्याकरणाचा पाया शिकवायचे. धिस इज, दॅट इज, आय अ‍ॅम, यू आर. मी इंग्रजीत एमए. आमच्या घरात एवढी शिकलेली पहिलीच. आई गावी, देवगाव रंगारीला, अजून दुसऱ्याच्या रानात कापूस वेचते.

कुणा पालकानं तक्रार केली होती, पोरगा घरी खेडवळ इंग्रजी बोलतो म्हणून. त्या दिवशी तास सुटल्यावर बाईंनी मला आत बोलावून गाव विचारलं. मग आडनाव विचारलं. फॉर्मवर लिहिलेलं होतं, त्यांनी वाचलेलं होतं, तरी माझ्या तोंडून वदवून घेतलं. मग म्हणाल्या, “व्याकरण पक्कं आहे हो तुमचं. पण तुमच्या लोकांची जीभच जड असते.”

तुमच्या लोकांची. मी मान हलवली. हो म्हणाले.

दोन महिने मी मुकी उभी राहिले. स्पीकरमधली बाई गोड आवाजात वाक्य म्हणायची, मी पट्टीनं शब्द दाखवायचे, पोरं मागून म्हणायची. कुणी चुकलं तर मी बोट हलवायचे. बैल हाकतानासुद्धा माणूस तोंडानं बोलतो. खरं सांगते, मला राग आला नाही. लाज वाटली, स्वतःचीच. खोलीवर आरशासमोर जीभ वळवत बसायचे. गप्प राहायची सवय जुनीच होती. गावच्या शाळेत इंग्रजीच्या सरांनी मला एकदाही वाचायला उभं केलं नाही. वर्षभर मी हात वर करायचे. मग तो आपोआप खाली राहायला लागला.

वर्गात लासूर स्टेशनची एक मुलगी होती, आठ वर्षांची. बाप इथं कंपनीत लागला म्हणून शहरात आलेली. सुरुवातीला तिचा आवाज सगळ्यात मोठा. एक दिवस माझ्या लक्षात आलं, तिचे नुसते ओठ हलतायत. आवाज नाही. मी जवळ वाकून हळूच विचारलं, का गं?

ती म्हणाली, “मिस, माझं बोलणं बी तुमच्यावानीच हाय. म्या नुसतं लिहीन.”

हे तिला स्पीकरनं शिकवलं नव्हतं. मी शिकवलं होतं, तोंड मिटून, रोज एक तास. सरांनी माझं जे केलं तेच मी तिचं करत होते, वर त्याचा पगार घेत होते.

मी स्पीकर बंद केला. फळ्यावरचं वाक्य माझ्या आवाजात म्हटलं, जसं येतं तसं. पोरं बघत राहिली. बाई आतून आल्या आणि त्यांनी स्पीकर पुन्हा चालू केला. मी आवाज चढवला. एका खोलीत दोन आवाज, आणि पोरांना कळेना कुणामागं म्हणायचं.

“काय सांगितलं होतं तुम्हाला?” बाई म्हणाल्या.

“शिकवायचं तर बोलूनच शिकवीन.”

“मग इथं नाही.”

“नाही तर नाही,” मी म्हणाले आणि पुढचं वाक्य घेतलं. लासूरची पोरगी एकदा माझ्या मागं म्हणाली. अगदी हळू. मग बाईंकडं बघून गप्प झाली.

काम गेलं. ती पोरगी अजून तिथंच आहे. बोलते की नाही, मला माहीत नाही. हे सलतं आणि सललंच पाहिजे.

आता कुठं काम मागायला गेले की आधी वर्ग घेऊन दाखवा म्हणतात. मी फळ्यासमोर उभी राहते. कुणी विचारायच्या आत गाव सांगते, आडनाव सांगते, आणि याच जड जिभेनं सुरू करते. दोन ठिकाणी नको म्हणाले. तिसऱ्या ठिकाणीही असंच बोलणार आहे. ज्यांना ऐकवत नाही त्यांनी कानात बोळे घालावेत. मी तोंड मिटणार नाही.