पाचरीचा पलंग

माझे वडील एकेचाळीस वर्षं सुरतेत राहिले, पण सुरतेचे झाले नाहीत. हे वाक्य त्यांच्या शोकसभेत तीन वक्त्यांनी म्हटलं. चौथ्यांदा ते मी म्हटलं, त्यामुळे आता कुणाला हसण्याची सोय उरलेली नाही.

आप्पा सुतार. धुळे जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून सुरतेला निघताना त्यांनी आजीला शब्द दिला होता, की चार वर्षं काम करतो आणि परत येतो. खानदेशातून सुरतेची गाडी पकडणारा प्रत्येक माणूस असा शब्द देतो, आणि तो फार गंभीरपणे घ्यायचा नसतो हे घरच्यांनाही ठाऊक असतं. आप्पांना ते कुणी सांगितलं नसावं. दर दिवाळीला फराळाचं ताट पुढे आलं की ते म्हणायचे, "पुढली दिवाई गावमा." पुढची दिवाळी गावात. माय म्हणायची, "बरं. चकली घ्या."

सुरतेच्या गोडादरा भागातल्या आमच्या घराला ते 'खोली' म्हणत. पुढे त्याच्या दोन खोल्या झाल्या, वर मजला चढला, तरी 'खोली'च. आणि या खोलीतलं सगळं सामान त्यांनी स्वतः केलं होतं ते एका अटीवर: खिळा नाही, चिकटवायला सरस नाही. लाकडाचं कुसू, म्हणजे टोकाला तासलेली जीभ, खाचेत बसवायचं आणि पाचर ठोकून आवळायचं, म्हणजे गावी जायच्या दिवशी पाचरी काढल्या की अख्खं घर फळ्यांच्या चार मोळ्यांत मावेल. प्रत्येक तुकड्यावर पटाशीने खुणा कोरलेल्या होत्या, एकाला एक रेघ, दोनाला दोन रेघा, पाचाला फुली. मी अंक शिकले ते कपाटाच्या पाठीवरून. शाळेत बाईंनी सहा लिहायला सांगितलं तेव्हा मी फुली आणि रेघ काढली होती.

दिवसभर ते लोकांच्या फ्लॅटमध्ये कपाटं करत. काम कधी संपणार म्हणून शेठ विचारायचे, "मिस्त्री, क्यारे पतशे?" आप्पा म्हणायचे, "बे दिवस." सुरतेतलं कुठलंही सुतारकाम कधीही दोनच दिवसांवर असतं. मात्र दोन दिवस म्हणून आठ दिवस लावले तरी ते दार असं बसवत की लावताना आवाज म्हणून यायचा नाही. आमच्या घरी मात्र सगळंच करकरायचं. पाचरीवर उभ्या घरात कूस बदलली तरी शेजाऱ्यांना कळे. त्यातल्या त्यात तो मोठा पलंग. पुढे एके वर्षी त्याचं करकरणं थांबलं, पण बंद पडलेल्या आवाजाची चौकशी कोण करतं?

आजी गेली, शब्द तेवढा राहिला. आप्पांनी पासष्टीला हत्यारं पुसून ठेवली, गावच्या घराची भिंत बांधून घेतली आणि एका सकाळी खरोखरच टेम्पो दाराशी आला. कामरेजचा टेम्पोवाला, घाईतला. कपाट वीस मिनिटांत सुटलं. मांडणी सुटली. आप्पा इतके खूश होते की शेजाऱ्यांना बोलावून खुणा दाखवत होते. मग ते पलंगाकडे वळले.

पाचर निघाली. सांधा निघाला नाही. त्यांनी मोगरीने ठोकून पाहिलं, फडकं लावून ठोकून पाहिलं, टेम्पोवाल्याला दुसऱ्या बाजूने ओढायला लावलं.

"हाऊ पलंग निंघस का नही?" मायने दारातून विचारलं.

"निंघी, निंघी."

"काका, करवत मारा ना," टेम्पोवाला म्हणाला. "दोन तुकडे, काम खतम."

आप्पांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहा प्यायला निघून गेला. मग त्यांनी सांध्यात नख घातलं, डोळ्याजवळ नेलं आणि खाली बसले.

"सरस," ते म्हणाले.

"कोणी लावला?" मी विचारलं.

"मीच. दुसरं कोण लावणार?"

पलंग आहे तसा दारातून निघत नव्हता. तो आत आल्यानंतर दार अरुंद करून बसवलं होतं, तेही त्यांनीच. करवत लावायला ते तयार नव्हते आणि पलंग सोडून जायलाही. दुपारपर्यंत टेम्पोवाला रिकामा परत गेला. संध्याकाळी आप्पा कपाट पुन्हा जोडत बसले. दिवाळीला ते काहीच बोलले नाहीत. मायने चकली पुढे केली.

काही महिन्यांनी मी धीर करून विचारलं, "आप्पा, सरस कधी लावला होता?"

"तू दहावीत गेलीस त्या उन्हाळ्यात. तुम्ही दोघी गावाला होता."

एवढंच. पण मी मराठी शाळेत शिकलेली मुलगी, मला एवढं पुरलं. माझी दहावी, माझं पुढचं कॉलेज. म्हणजे त्या उन्हाळ्यात ह्या माणसाने एकट्याने, कुणाला न सांगता, मुलीसाठी आपला परतीचा रस्ता चिकटवून टाकला होता! पुढे पाच वर्षांनी ते त्याच पलंगावर झोपेत गेले, तेव्हा शोकसभेत मी हे सगळं माईकवर सांगितलं. पहिल्या रांगेतल्या दोन बायका रडल्या. अध्यक्षांनी चष्मा पुसला.

घरी येताना रिक्षात माय  म्हणाली, "ढेकून व्हयेल व्हतात."

"काय?"

"पलंगात. सांध्यांत. रॉकेल झालं, उन्हात घालून झालं. शेवटी म्हणाले, फटच बुजवतो."

"म्हणजे तुला माहीत होतं? मग टेम्पो आला तेव्हा बोलली का नाहीस?"

मायने पदर सावरला. तिचं भजनी मंडळ गोडादऱ्यात, बहीण पुढच्या गल्लीत, दवाखाना चार पावलांवर.

"त्यांनी ठोकायला घेतलं तेव्हा मला वाटलं, सरस लावल्याचं त्यांना आठवत असेल," ती म्हणाली. "नंतर वाटलं, नसेल आठवत तर बरंच."

पलंग अजून त्याच खोलीत आहे. त्यात ढेकूण पुन्हा झाले नाहीत.