वर बर्फ, खाली कोमट

घरात दोघीच राहायच्या, एक नणंद आणि एक भावजय. दोघींनी साठी ओलांडलेली. नणंदेला सगळी इमारत हॅलोबाई म्हणायची. एकतीस वर्षं तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून काढली होती. निवृत्त झाल्यावरही दारावर कुणी टकटक केली की आतून आधी "हॅलो" यायचं आणि मग "कोण आहे?" यायचं. वहिनी तिच्या थोरल्या भावाची बायको. तीन वर्षांपूर्वी भाऊ वारला, आणि वेगळं राहायचं तर कुणी जायचं, यावर दोघींपैकी कुणीच बोललं नाही. म्हणून राहिल्या. भांड्याला भांडं लागायचं, पण जेवायला दोघी एकाच वेळी बसायच्या.

हॅलोबाईला काचबिंदू होता. नळीतून बघावं तसं समोरचं थोडंसं दिसायचं, बाजूचं सगळं गेलेलं. डोळे दगा द्यायला लागल्यापासून घरातलं एकेक काम तिच्या हातून सुटत गेलं होतं. आधी गॅस, मग इस्त्री, मग भाजी चिरणं. वहिनी काही न बोलता तिच्या हातातून सुरी काढून घ्यायची. ते काढून घेणं हॅलोबाईला बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

फ्रीज बिघडला एका सोमवारी. सकाळी दूध नासलं. वहिनी म्हणाली, काल उशिरा तापवलं असेल. मंगळवारी पुन्हा नासलं आणि टोमॅटो हाताला मऊ लागले. बुधवारी वहिनीने आपल्या इन्सुलिनची बाटली गालाला लावून बघितली आणि तिथेच खुर्चीवर बसली.

"वन्सं, हे कोमट आहे हो."

तिला मधुमेह होता, महिन्याचा साठा फ्रीजमध्येच असायचा. औषधवाल्याला फोन केला. तो म्हणाला, वापरातली बाटली साध्या हवेत काही आठवडे चालते, पण न उघडलेल्या थंडच राहायला हव्यात. आणि घाबरून फ्रीझरमध्ये ठेवू नका, गोठलं तर फेकूनच द्यावं लागेल. त्या बाटल्या खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या फ्रीजमध्ये पाहुण्या म्हणून गेल्या.

दुपारी मेकॅनिक आला. चांगला माणूस होता, पण घाईत होता. खालचं दार उघडून आत हात घातला, मागे एकदा डोकावला आणि म्हणाला, "कॉम्प्रेसर गेलाय. जुनं मशीन आहे. नवीनच घ्या."

तो गेल्यावर वहिनी म्हणाली, "झालं तर मग. उद्या दुकानात जाऊ."

हॅलोबाई फ्रीजच्या मागे वाकली. हाताने चाचपत तिने खालचा कॉम्प्रेसरचा काळा गोळा शोधला आणि त्यावर तळहात ठेवला. तो चांगलाच गरम होता आणि आतून बारीक घरघरत होता.

"वहिनी, गेलेला माणूस असा गरम असतो का? आणि घोरतो का?"

वहिनीला हसू आलं, पण तिने ते दाखवलं नाही. "मग दूध गार का राहत नाही?"

"वर बर्फ होतोय का बघ."

वर बर्फ होता. ट्रेमधले तुकडे दगडासारखे कडक, खालच्या कप्प्यात मात्र कोमट हवा. हॅलोबाई भिंतीला टेकून उभी राहिली. एक्स्चेंजमध्ये लाइन बिघडली की पहिला प्रश्न एकच असायचा, बिघाड अलीकडे की पलीकडे? इथे थंडी तयार होत होती, म्हणजे अलीकडचं ठीक होतं. ती खाली पोचत नव्हती.

"तयार माल अडकलाय कुठेतरी," ती म्हणाली. "माहितीची पुस्तिका असेल ना?"

पुस्तिका भावाच्या फाइलमध्ये निघाली, प्लास्टिकच्या कव्हरात, पहिल्या पानावर त्याच्या अक्षरात खरेदीची तारीख. वहिनी ती वाचून थांबली. मग तिने चष्मा पुसला आणि पुढचं पान मोठ्याने वाचायला घेतलं.

पुस्तिकेतलं पहिलं कारण दाराचं रबर. दारात कागद धरून दार लावायचं, कागद सहज ओढला गेला तर रबर सैल. खालच्या कोपऱ्यात कागद लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला. हॅलोबाईचा चेहरा उजळला. "सापडलं!" तिने स्वतः साबणाच्या गरम पाण्याने रबराची घडीन् घडी धुतली, वर्षानुवर्षांचा चिकट मळ बोटांनी शोधून काढला. रबर फुगलं, दार घट्ट बसलं. त्यानंतर दोघींनी फ्रीज पुढे ओढून मागच्या जाळीवरची धूळही ब्रशने काढली. उंदराएवढा बोळा निघाला. शुक्रवारपर्यंत वाट बघायची असं ठरलं.

शुक्रवारी दूध नासलं.

"सापडलं होतं ना?" वहिनी एवढंच म्हणाली आणि पातेलं मोरीत ओतलं.

हॅलोबाई आपल्या खोलीत जाऊन बसली. खरं तर तिला दुधाचं दुःख नव्हतं. बाईला दिसत नाही आणि उगाच लुडबुड करते, असं वहिनीच्या मनात आलं असणार, हे तिने आपल्याच मनाने धरलं होतं. तासभर ती तशीच बसली. मग वहिनी दारात येऊन म्हणाली, "पुस्तिकेत पुढे पंख्याचं काहीतरी लिहिलंय. वाचू की दुकानात जाऊ?"

"वाच."

पुढे लिहिलं होतं ते असं. फ्रीझरच्या मागच्या झाकणाआड गारव्याची जाळी असते. तिच्यापाशी एक छोटा पंखा असतो, तो थंड हवा फ्रीझरमध्ये सोडतो आणि वाटेने खालच्या कप्प्यातही ढकलतो. दार उघडलं की पंखा थांबतो, म्हणून दाराजवळचं बटण बोटाने दाबून ऐकावं. जाळीवर दव गोठून साठतं, ते दिवसातून दोन-तीनदा आतला हीटर वितळवतो. पाणी नळीने मागच्या ताटलीत जातं आणि मशीनच्या उबेने सुकून जातं.

"अगं, म्हणजे एकच पंखा दोन्ही घरं पोसतो?" हॅलोबाई उठली. तिने बटण दाबलं, कान फ्रीझरच्या तोंडाशी नेला आणि हाताने वहिनीला गप्प राहायची खूण केली. आधी काहीच नाही. मग खर्र, खर्र, जसं पातं कशाला तरी घासतंय, आणि पुन्हा शांतता.

"टॉर्च आण. झाकणाच्या फटींत काय दिसतं?"

वहिनीने टॉर्च मारला. "पांढरं. सगळं पांढरंच. फटी बुजल्यात, वन्सं."

"बर्फ! पंखा बर्फात रुतलाय. म्हणून वर गार आणि खाली काही नाही."

वहिनी लगेच स्वयंपाकघरातली सुरी घेऊन आली. तिच्या हातातली सुरी समोर येताच हॅलोबाईने मनगट धरलं. "सुरी नको. आत नळी आहे, तिला भोक पडलं की गॅस गेला, मग मात्र खरंच दुकान." सुरी कुणाच्या हातून कुणी काढून घेतली, हे दोघींच्याही लक्षात आलं. वहिनीने ती परत ठेवली.

शनिवारी सकाळी फ्रीजचा प्लग काढला. सगळं सामान शिंपीणबाईंकडे गेलं. दोन्ही दारं सताड उघडी ठेवून खाली जुने टॉवेल अंथरले. दिवसभर आत टपटप चालली होती, मधूनच एखादा तुकडा धप्पकन पडायचा. दोघी आळीपाळीने टॉवेल पिळत होत्या. दुपारी पाणी खाली जाईना, फ्रीझरच्या तळाशी तळं साचलं. हॅलोबाईने बोटाने चाचपून निचऱ्याचं भोक शोधलं, त्यात गाळ बसला होता. मोठ्या सिरिंजमध्ये कोमट पाणी भरून तिने चार-पाचदा हळूच सोडलं. गुळगुळ आवाज झाला आणि तळं सरसर उतरलं. वहिनी मागच्या ताटलीपाशी उकिडवी बसली होती. तिथून ती ओरडली, "आलं, आलं!"

रविवारी सकाळी आतला थेंबन् थेंब पुसून फ्रीज चालू केला. पंख्याचा आवाज सलग, गुळगुळीत. संध्याकाळी खालचा कप्पा गार. वहिनीने शिंपीणबाईंकडून इन्सुलिन आणून मधल्या फळीवर ठेवलं, मागच्या भिंतीपासून दूर, म्हणजे गोठायला नको.

हॅलोबाई मात्र रोज सकाळी बटण दाबून ऐकत राहिली. आठव्या दिवशी तिला पुन्हा ती खर्र ऐकू आली, अगदी बारीक. वहिनीला ऐकूच आली नाही. बर्फ वितळवला होता, पण तो का साठतोय ते तसंच राहिलं होतं. वितळवणारा हीटर आपलं काम करत नव्हता.

तिने मेकॅनिकला फोन केला. एक्स्चेंजमधला जुना आवाज आपोआप लागला. "कॉम्प्रेसर चालू आहे. पंखा चालू आहे. रबर ठीक, निचरा ठीक. बर्फ काढून आठ दिवस झाले, पुन्हा साठतोय. मला हीटरची लाइन तपासून हवी आहे."

पलीकडून त्याने विचारलं, "बाई, तुम्ही काम कुठे करत होता?"

"ते आल्यावर सांगते. मीटर घेऊन या."

तो आला आणि या वेळी त्याने आतलं झाकण काढलं. मीटर लावून म्हणाला, "हीटर चांगलाय. हे बघा, हे गेलंय." नळीला चिकटलेली नाण्याएवढी एक गोल डबी त्याने हॅलोबाईच्या तळहातावर ठेवली. तिचं झाकण फुगलेलं होतं. गारठा वाढला की हीटरला विजेची वाट मोकळी करून देणं हे तिचं काम, आणि ती कायमची बंद पडली होती. त्याने नवी बसवली. निघताना दारात घुटमळला. "त्या दिवशी मी झाकण उघडलंच नव्हतं. पुढे चार घरं होती."

"आमचं घर शेवटचं असतं तर उघडलं असतंत," हॅलोबाई म्हणाली. तो हसला, तीही हसली. वहिनीने त्याला चहा दिला.

महिन्याभराने शिंपीणबाई वर आल्या. त्यांच्या फ्रीजमध्ये भाज्या गोठत होत्या. हॅलोबाई झोपली आहे असं समजून वहिनी एकटीच त्यांच्याशी बोलत होती. "मागच्या भिंतीवर हवेची फट आहे ना, तिला लागून पिशव्या कोंबल्यात का? आणि खालच्या कप्प्याचं बटण कितीवर आहे? आधी ते बघा, मग मेकॅनिकला बोलवा." हॅलोबाई आत पडल्या पडल्या आपलेच प्रश्न वहिनीच्या तोंडून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात आली आणि पाटावर बसून म्हणाली, "वहिनी, भाजी दे इकडे. शेंगा सोलायला डोळे लागत नाहीत."

वहिनीने परात तिच्या पुढ्यात सरकवली.