तुरटीचा मान

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी म्हैसूरहून एच. डी. कोटेला जाणाऱ्या रस्त्यावर बारा सायकलस्वार नखशिखान्त लाल झाले, आणि त्यांतल्या एकालाही साधं खरचटलंसुद्धा नव्हतं.

या प्रकाराला जबाबदार मी. हे मी पोलिसांना सांगितलं, रुग्णवाहिकेच्या चालकाला सांगितलं, मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं. माझ्या डोक्याला मार लागला असावा, असं तिघांचंही मत पडलं. म्हणून आता लिहून सांगते.

आम्ही म्हैसूरचे जुने मराठी. कापड रंगवणारे आणि छापणारे, म्हणजे पणजोबांपर्यंत. आजोबांनी कापड सोडून कागदावर छापायला सुरुवात केली आणि आता देवराज मोहल्ल्यात अप्पांचा छोटा छापखाना आहे. गावात कुठलंही आंदोलन असो, पत्रक आमच्याकडे छापलं जातं. उरलेल्या पत्रकांत माझा शाळेचा डबा बांधला जायचा. 'पाणीपट्टी मागे घ्या' हे मी लोणच्याच्या तेलातून वाचलं आणि ते माझ्या मनात कायमचं मुरलं. त्यामुळे चोविसाव्या वर्षी मला एक चांगलं काम करावंसं वाटलं, तेव्हा मी आधी काम केलं नाही. आधी पत्रक काढलं.

काम असं होतं. कोटेच्या वाटेवर एक गाव आहे. तिथली शाळा आठवीपर्यंत. पुढचं हायस्कूल सात किलोमीटरवर, आणि तिकडे जाणारी बस दिवसातून एकदाच, तीही तिच्या मनात आलं तर. त्या वर्षी बारा मुली आठवी पास झाल्या होत्या आणि बाराही घरी बसणार होत्या. मुख्याध्यापिकाबाईंनी पालकांना खूप समजावलं. शेवटी पालक म्हणाले, सायकली दारात आलेल्या दिसल्या तर हायस्कुलात नावं घालू. सोमवारी प्रवेशाचा शेवटचा दिवस. म्हणून मी ठरवलं की रविवारी म्हैसूरहून बारा जणांनी बारा सायकली पन्नासेक किलोमीटर चालवत न्यायच्या, मुलींच्या हाती द्यायच्या आणि रिकाम्या हातांनी बसने परत यायचं.

एवढं सोपं काम होतं. पण पत्रक मी लिहिलं होतं ना! त्यात मी प्रायोजकांना हाकललं, हारतुरे आणि शाली यांच्यावर बंदी घातली, सायकली पोहोचेपर्यंत एकही स्वार मोटारवाहनाला हात लावणार नाही असं जाहीर केलं, आणि घरच्यांनी मदतीसाठी मागून गाडी आणू नये असं ठळक अक्षरांत छापलं. (हे शेवटचं अप्पांसाठी होतं. जुळणी त्यांनीच केली. तोंडातून अवाक्षर काढलं नाही.)

सरावाची जबाबदारी मिलिंदकडे होती. मिलिंद आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. तो मूळचा पुण्याचा, इथे संगणकाच्या कंपनीत नोकरीला. त्याच्या मनगटावरचं घड्याळ त्याच्या काळजाचे ठोके मोजतं आणि तो ते आकडे सगळ्यांना ऐकवतो. पहिल्या रविवारी आम्ही वीस-बावीस किलोमीटरवरच्या नंजनगूडला निघालो. कडकोळच्या कारखान्यांपर्यंत मी त्याला श्रमिकांच्या इतिहासाबद्दल सांगत होते. कडकोळनंतर मी काहीच सांगत नव्हते. नंजनगूडला पोहोचल्यावर मी सायकलसकट परतीच्या पॅसेंजरच्या सामानाच्या डब्यात बसले. मिलिंद म्हणाला, "अगं, तुझ्या पत्रकात तर वाहन वर्ज्य आहे." मी म्हटलं, रेल्वे सार्वजनिक मालकीची आहे, म्हणजे ती माझीच आहे, आणि स्वतःच्या वस्तूवर बसायला मनाई नाही. एरवी हा मुद्दा मी उभं राहून मांडला असता.

आता मुख्य गोष्ट: बनियन.

बाराही जणांनी एकसारखे कपडे घालायचे असं ठरलं. मिलिंदने गुळगुळीत, घाम शोषणाऱ्या, छातीवर कंपनीचं नाव असलेल्या बनियनांचा फोटो पाठवला. माझा संताप झाला. आपण काय कंपन्यांचे चालते फलक आहोत? साधे बाह्यांचे सुती बनियन आणू आणि आपण स्वतः रंगवू, मी म्हटलं. रंगाऱ्याच्या घरात जन्मून तयार रंग विकत घ्यायचा?

हे ऐकून अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. घरात तीन पिढ्यांत कोणी रुमालसुद्धा रंगवला नव्हता. पणजोबांचा एकच लाकडी ठसा उरला होता आणि त्याने आम्ही छापखान्याचं दार उघडं ठेवत असू. अप्पांनी तो उचलला, पुसला आणि देव्हाऱ्याशेजारी ठेवला. (दार त्या दिवसापासून आपटतं आहे.) मग नंजनगूडहून आत्याला बोलावणं गेलं. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण, वय एकाहत्तर. आजोबांच्या तोंडून ऐकलेली कृती घरात फक्त तिलाच पाठ.

आत्या आली ती लाल रंग देणाऱ्या मंजिष्ठेच्या मुळ्यांचं पोतं घेऊन. दोन दिवस अंगणात हंडा उकळत होता. आणि मग ती वेळ आली.

आमच्या घराण्यात रंगाच्या आधी कापड तुरटीच्या पाण्यात भिजवायचं, आणि त्या पाण्यात तुरटी टाकायचा मान घरातल्या वडीलधाऱ्याचा. अप्पा पुडी हातात घेऊन आत्यापुढे उभे राहिले. "अक्का, तू मोठी. तू घाल."

"मी परक्या घरी दिलेली रे," आत्या म्हणाली. "घर तुझं, मान तुझा. घाल सुम्ने, उगाच वाद नको."

"तू असताना मी कसा घालू?"

"मग काय, मी मेल्यावर घालणार?"

अर्धा तास हे चाललं. पुडी याच्या हातातून तिच्या हातात, तिच्या हातातून परत. दोघं एकमेकांना मान देता देता एकमेकांचा अपमान करू लागली. चाळीस वर्षांपूर्वी अप्पांच्या लग्नात मानाचा नारळ कोणी कोणाला दिला नाही, इथपर्यंत गाडी गेली. माझं रक्त उकळलं. वयाचा मान, माहेरचा मान, पुरुषाचा मान! याच मानांविरुद्ध मी एवढी पत्रकं लिहिली. मी ओट्यावर चढले आणि भाषण केलं. या उपक्रमात कुणालाही मान नाही, मी म्हटलं, आणि म्हणून तुरटी टाकण्याचा विधी मी आजपासून रद्द करते.

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मग पुडी फळीवर ठेवली, म्हणाली, "आयतु, झालं तर मग. तू शिकलेली," आणि आत जाऊन झोपली. अप्पा छापखान्यात गेले.

मी मनोमन जिंकले. खरं सांगते, मला तुरटी म्हणजे नारळ फोडण्यासारखं काहीतरी वाटलं होतं. तिच्यामुळे रंग कापडाला चिकटतो, ते नुसतं रसायन आहे, हे मला माहीत नव्हतं. आणि माझ्या भाषणाने दुखावलेल्या दोन्ही माणसांनी ते सांगायचं नाही, असं मनाशी ठरवलं होतं. मी बनियन तसेच हंड्यात बुचकळले, सावलीत वाळवले. गर्द, कुंकवासारखा लाल रंग आला. मिलिंद म्हणाला, एकदा धुऊन घेऊ या का? मी त्याला पाण्याच्या उधळपट्टीबद्दल एक जुनं पत्रक वाचायला दिलं.

रविवारी पहाटे आम्ही निघालो. सायकली मुलींसाठी होत्या, म्हणजे पुढे टोपली, मागे कॅरियर, दांड्याला झिरमिळ्या. मिलिंदच्या वाट्याला गुलाबी आली. तो गादीची चड्डी आणि घड्याळ घालून तिच्यावर बसला आणि रस्ताभर त्याने कोणाकडेही पाहिलं नाही.

पहिले पंधरा किलोमीटर थंडावा होता. मग ऊन चढलं. वीस किलोमीटरला माझ्या कोपरावरून काहीतरी ठिबकलं. मला वाटलं घाम. तो घामच होता, फक्त लाल! पुढे पाहिलं, तर पुढच्या स्वाराच्या पाठीवरून लाल ओघळ चड्डीत, चड्डीतून पायांवर, पायांवरून मोज्यांत. वाटेत एका हातपंपावर सगळ्यांनी डोक्यावरून पाणी ओतून घेतलं. तिथे जे काय उरलंसुरलं कोरडं होतं तेही गेलं. एकमेकांचे चेहरे पाहून आम्ही गारठलो. फळीवरची पुडी मला तेव्हा आठवली आणि तुरटी कशासाठी असते ते कळलं. मिलिंदने मोबाइलच्या कॅमेऱ्यात स्वतःला पाहिलं, "माझे ठोके..." एवढंच म्हणाला आणि गुलाबी सायकलीसकट आडवा झाला.

नेमकी तेव्हाच कोटेची बस आली.

बस थांबली. माणसं उतरली. एका बाईने आम्हाला पाहून पदर तोंडाला लावला. मी पुढे होऊन कन्नडमध्ये सांगितलं की हे रक्त नाही, हा रंग आहे, तुरटी घातली नाही म्हणून गेला, आणि त्याचं कारण आमच्या घरातली मानाची पद्धत. एक म्हातारे गृहस्थ हळूच म्हणाले, "डोक्यावर पडली पोर." कुणीतरी रुग्णवाहिका बोलावली. कुणी पोलिसांना कळवलं. रुग्णवाहिकेतल्या माणसांनी मिलिंदला उचललं, मग मला धरलं. मी झाडाला मिठी मारून उभी राहिले. मोटारवाहनाला हात लावणार नाही, मी ओरडत होते. चालकाने सहकाऱ्याला सांगितलं, ही जास्त गंभीर आहे.

शेवटी पोलिसांनी माझी बाही पिळून पाहिली, हुंगली आणि आम्हाला सोडलं. मिलिंद शुद्धीवर येऊन गुलाबी सायकलीवर परत बसला. (हे मी त्याचं श्रेय म्हणून नोंदवते. तेवढंच.) पण तोवर बस पुढे गेली होती, आणि बसमधली बातमी आमच्या दीड तास आधी शाळेत पोहोचली होती.

शाळेच्या पटांगणात सगळे पालक उभे होते. आम्ही आत शिरलो तेव्हा कुणी हललं नाही. बारा माणसं, ओठांपासून बुटांपर्यंत लाल, झिरमिळ्यांच्या सायकलींवर. एका मुलीच्या वडिलांनी तिचा हात घट्ट धरला. मुख्याध्यापिकाबाई माझ्याजवळ आल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "सगळे म्हणतायत, मोठ्यांचं या रस्त्यावर हे होतं, तर मुलींचं काय होईल? नावं घालायची नाहीत म्हणतात."

बारा मुलींचं शिक्षण थांबवायला एवढे दिवस गरिबीला, अंतराला, बसला जमलं नव्हतं. ते मी एका बनियनने करून दाखवलं! मी बाईंना तुरटीचं सगळं सांगितलं. त्यांनी माझं डोकं चाचपून पाहिलं.

तेवढ्यात फाटकातून आत्या आली, मागून अप्पा. दोघं कोटेच्या पहिल्या बसने फाट्यावर उतरून चालत आली होती आणि फाटकाबाहेर झाडाखाली बसून होती. (मागून गाडी आणायला बंदी होती, पुढून बसने यायला नव्हती, हे अप्पांनी जुळणी करतानाच पाहून ठेवलं होतं.) आत्याने एक बादली पाणी मागितलं, सगळ्यांसमोर माझा हात धरून बादलीत बुडवला आणि खसाखसा चोळला. पाणी लाल झालं, हात माझा झाला.

"हे रक्त नाही," आत्या कन्नडमध्ये पालकांना म्हणाली. "ही माझी भाची. हिला अक्कल कमी आहे. रस्त्याचा यात काही दोष नाही."

पालकांतून कुणीतरी खुदकन हसलं. पण मघाचे ते वडील हसले नाहीत. त्यांनी अप्पांना विचारलं, तुमच्या पोरीला सायकलची सवय होती का? अप्पा खोटं बोलत नाहीत. म्हणाले, महिन्याभरापूर्वी ही नंजनगूडहून सायकल रेल्वेत घालून आली होती.

"आणि आज इथवर चालवत आली?"

"हो."

तो माणूस माझ्याकडे पाहत राहिला. ओल्या केसांतून माझ्या नाकाच्या शेंड्यावर लाल थेंब येत होता आणि मी तो जिभेने अडवत होते. त्यांच्या बायकोने पुढे होऊन मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि नवऱ्याला म्हणाली, "हिला जमलं, तर आपल्या पोरीला न जमायला काय झालं? घाला नाव."

त्या वाक्यावर दुपारपर्यंत बाराच्या बारा नावं प्रवेशाच्या यादीत पडली. माझ्या पत्रकावर एकही पडलं नाही. ते कोणी वाचलंच नव्हतं.

परतीची बस फाट्यावरून होती, दोन किलोमीटर. आत्या, अप्पा आणि बाकीचे अकरा जण चालत पुढे गेले. मला चालता येत नव्हतं. माझी सायकल ज्या मुलीला मिळाली होती, ती हे बघत होती. ती म्हणाली, "अक्का, मागे बसा, मी सोडते." मी तत्त्वाने नाही म्हटलं, गुडघ्याने हो म्हटलं, आणि कॅरियरवर बसले. तेरा वर्षांची मुलगी मला घेऊन अशी निघाली, की वाऱ्याने बनियन वाळला.

अर्ध्या वाटेवर चढ आला. मी तिला म्हणणार होते की दम लागला तर थांब, मी उतरते. त्याआधी तिनेच मान वळवली आणि फार सांभाळून, माझ्या मनाला लागू नये अशा आवाजात म्हणाली, "अक्का, स्वल्प इळ्कोळ्ळी."

म्हणजे, जरा उतरता का.

मी उतरले आणि तिला मागून ढकललं. पन्नास किलोमीटरांत सायकल पुढे नेण्याचं काम मी नीट केलं ते तेवढंच.