डब्याने नंबर लागत नाही

बायको गेली आणि घरातलं बोलणं बंद पडलं. भांडण नव्हतं काही. मी आणि मुलगा, आम्ही दोघं आधीपासूनच एकमेकांशी बोलत नव्हतो, ती मध्ये असायची म्हणून कळत नव्हतं एवढंच. मुलगा किचनकडे तोंड करून म्हणायचा, "बाबांना विचार, डॉक्टरकडे जाऊन आले का." मी तिथेच पलंगावर बसलेलो. सगळं ऐकू यायचं. तरी मी पण किचनकडेच बघून म्हणायचो, "सांग त्याला, उद्या जातो." ती लसूण सोलता सोलता दोघांवर डाफरायची, "मी काय टेलिफोन आहे का तुमचा?" माझ्या बापाशीही मी असाच बोललो, आयुष्यभर, आईच्या तोंडून. आमच्याकडे तसंच होतं. त्यात वाईट काही वाटायचं नाही.

आता ती नाही. दिवा स्टेशनजवळ आमची एक खोली नि किचन, त्यात आम्ही दोघं. मुलगा पस्तिशीचा, भिवंडीला गोडाऊनमध्ये कामाला. लग्न नाही. तो येतो, आंघोळ करतो, मी भात टाकलेला असतो, आम्ही जेवतो. टीव्ही चालू ठेवतो, नाहीतर चावल्याचा आवाज येतो. लोक विचारतात, काका, रडू येतं का. रडू येत नाही. थकायला होतं. झोपून उठलो तरी थकलेलाच उठतो.

पण मुलगा मुका नव्हता. रविवारी दुपारी जेवला की कानाला हेडफोन लावायचा, मोबाईल आडवा धरायचा आणि बंदुकीचा गेम खेळायचा. चौघांची टीम, ऑनलाईन. मी भिंतीकडे तोंड करून पडलेलो असायचो आणि ऐकायचो. "मागे बघ, मागे बघ. तू जा, मी आहे इथे. लागलं का तुला? थांब, येतो." किती बोलायचा! आणि किती मायेने! मला त्या पोरांचा राग यायचा. त्यातलं अर्धं बोलणं माझ्या वाट्याला आलं असतं तरी मला चाललं असतं. दुसरं काही नको होतं मला.

मग त्यांच्यातल्या एकाचं लग्न ठरलं आणि होणाऱ्या बायकोने त्याचा रविवार काढून घेतला. टीमला चौथा माणूस नाही. मुलगा जेवण झाल्यावर पाणी पीत उभा होता. सवयीने किचनकडे वळला आणि म्हणाला, "बाबा खेळतील का, विचार."

किचनमध्ये कोणी नव्हतं. त्याच्याही ते लक्षात आलं. तांब्या तसाच हातात राहिला.

मी पण किचनकडेच बघितलं. म्हटलं, "खेळेन म्हणावं."

घरात दुसरा मोबाईल तिचाच. माझा बटणांचा. त्याने तिच्या मोबाईलमध्ये गेम टाकून दिला, माझ्याही कानाला एक हेडफोन लावला. डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्याने बघायचं, दुसरं बटण दाबलं की गोळी. आयुष्यभर डोंबिवलीला केमिकल कंपनीत ड्रम ढकलले मी. माझे अंगठे जाड. चालायला गेलो की गोळी सुटायची.

टीममध्ये एक विठ्ठलवाडीचा पोरगा, तोंडाचा फाटका. एक ठाण्याची मुलगी, ऑफिसात कामाला, ती नेम धरून मारायची. दोघं मला काका म्हणायचे. मुलगा मला काहीच म्हणायचा नाही. "त्यांना सांग उजवीकडे व्हा," असं त्या विठ्ठलवाडीवाल्याला सांगायचा. तो पोरगा ओरडायचा, "काका, तुमचा मुलगा तुमच्या बाजूलाच बसलाय ना? मग मला कशाला मध्ये घालतोय?"

त्या गेममध्ये खेळायचे प्रकार असतात, हे मला तेव्हा कळलं. पहिला प्रकार नुसती मारामारी. दोन टीम, ज्यांनी जास्त मारले ते जिंकले. मेलं की थोड्या वेळात परत उभं. मी मरायचो, उठायचो, मरायचो, उठायचो. त्यांना तो प्रकार माझ्यासाठी सोपा वाटला. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. मेलेला माणूस परत कपडे झटकून उभा राहतो, हे बघायला मला नको होतं. तसं मी कोणाला बोललो नाही.

दुसरा प्रकार जागा धरायचा. जमिनीवर एक गोल दिसतो. ज्या टीमचा माणूस त्या गोलात उभा, त्या टीमला पॉइंट. थोड्या वेळाने गोल दुसरीकडे जातो, मग तिकडे पळायचं. मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही फक्त गोलात उभे राहा. मारामारी आम्ही बघतो." म्हटलं, हे जमेल. यात काय आहे.

माझ्याकडे धुराचा एक डबा होता, फेकला की धूर होतो. मी गोलात गेलो, डबा टाकला आणि बाहेर आलो, जरा पलीकडे काय आहे ते बघायला.

"काका, कुठे चाललात? जागा सोडू नका!"

"सोडली कुठे? डबा ठेवलाय ना."

"कसला डबा?"

"धुराचा. गोलात ठेवलाय. नंबर आहे आपला."

मग विठ्ठलवाडीवाला असा हसला की माझ्या कानात खरखर झाली. "अरे काका! टँकर आलाय का इथे? इथे डब्याने नंबर लागत नाय! स्वतः उभं राहायला लागतं!"

ठाण्याच्या मुलीला काही समजलं नाही. तिच्याकडे चोवीस तास पाणी. "टँकरचं काय?" असं विचारत राहिली. आणि माझा मुलगा बोलायला लागला. हसत हसत सांगत होता. "आमच्याकडे पाणी नसतं गं. टँकर यायच्या आधीपासून लोक डबे रांगेत लावून ठेवतात. डबा म्हणजे माणूस. डबा ठेवला की घरी जाऊन चपात्या लाटून यायचं. कोणी डबा मागे सरकवला की राडा. आमच्या आईच्या डब्याला लाल रिबीन होती. एकदा एकीने तो सरकवला तर आईने तिच्या डब्यावरच बसकण मारली. टँकर येईपर्यंत उठली नाही."

तोही हसला, मीही हसलो. ती गेल्यापासून त्या खोलीत 'आई' हा शब्द पहिल्यांदा निघालेला. निघाला तोही ठाण्याच्या एका मुलीसाठी, माझ्यासाठी नाही. तरी मी ऐकून घेतला. तोवर गोल गेला दुसरीकडे आणि आम्ही हरलो. डब्यावरून ते मला अजून चिडवतात.

असे बरेच रविवार गेले. गेम चालू असताना मध्येच तिच्या मोबाईलवर भजनी मंडळाचे मेसेज यायचे. तिचं नाव तिथून कोणी काढलेलं नाही. समोरून गोळ्या चालल्यात आणि वर पट्टी येते, उद्या भजन कोणाकडे आहे. मी पट्टी सरकवेपर्यंत मेलेलो असायचो. मुलगा ते बघायचा. मेसेज बंद करता येतात, त्याला येतं ते. त्याने केले नाहीत, मीही कर म्हटलं नाही.

तिसरा प्रकार शेवटी आला. विठ्ठलवाडीवाला कंटाळला होता, म्हणाला, आज एक जीववाला लावू. यात एक टीम बॉम्ब लावते, दुसरी तो निकामी करते. आणि यात मेलं की मेलं. ती फेरी संपेपर्यंत परत येता येत नाही. मुलगी म्हणाली, "नको रे, काका लगेच मरतील, बसून राहावं लागेल त्यांना." मी म्हटलं, "लावा. मला हाच बरा." मुलाने माझ्याकडे बघितलं.

मी लगेच मेलो. एका जिन्याखाली. पण या प्रकारात मेल्यावर एक गोष्ट होते, ती मला कोणी सांगितली नव्हती. तुमचा माणूस पडतो आणि जो जिवंत आहे त्याच्या डोळ्यांनी तुम्हाला दिसायला लागतं. माझ्या हातातल्या मोबाईलमध्ये मुलगा दिसेना, मुलाला जे दिसत होतं ते दिसायला लागलं. तो कसा चालतो, कुठे थांबतो. शेजारी बसून इतकी वर्षं कळलं नव्हतं की हा दर वळणावर थांबतो, मागे वळून बघतो.

तो बॉम्बकडे जायला निघाला होता. अर्ध्यातून वळला आणि जिन्याखाली आला. मी पडलो होतो तिथे. तिथे काही नव्हतं, माझी बंदूक पडलेली फक्त. तो तिच्याकडे बघत उभा राहिला. मला दिसत होतं तो काय बघतोय ते.

"अबे, तिकडे काय करतोयस?" विठ्ठलवाडीवाला बोंबलत होता. "काका मेले! बॉम्ब बघ ना भाई!"

मुलाने हेडफोन काढला. माझ्याकडे वळला. किचनकडे नाही, माझ्याकडे.

"बाबा, आई शेवटी काय बोलली?"

तो तेव्हा ड्युटीवर होता. भिवंडीहून हॉस्पिटलात येईपर्यंत सगळं आटपलेलं. मी एकटाच होतो तिच्याजवळ.

मी म्हटलं, "काही नाही. तोंडात नळी होती तिच्या."

"काहीच नाही?"

"हात हलवला एकदा. चादर नको होती बहुतेक. मी काढली."

तो म्हणाला, "मला वाटायचं माझ्याबद्दल काहीतरी बोलली. मी आलो नाही म्हणून. आणि तुम्ही ते सांगत नाही."

"वेडा आहेस का रे? बोलली असती तर मी पोटात ठेवलं असतं? आणि एवढे दिवस विचारलं का नाहीस?"

"कोणाकडून विचारणार?"

मग तोच विचारत गेला आणि मी सांगत गेलो. खाट कुठे होती. खिडकीजवळ. पंखा होता का. होता, आवाज करायचा. डोळे कोणी मिटले. मी. नर्स आली त्याच्या आधी मीच. पायात मोजे होते का. होते, तू आणलेले, निळे. तो रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, हात कसा ठेवायचा ते मला नीट माहीत नव्हतं, ठेवला.

बाजूला पडलेल्या हेडफोनमधून ते दोघं हॅलो हॅलो करत होते. तिच्या मोबाईलमध्ये पुढची फेरी आपोआप सुरू झाली. माझा माणूस बंदूक घेऊन मोकळ्यावर उभा होता. कोणीतरी येऊन त्याला मारून गेलं. मारू दे. मुलाने विचारलेलं, तिला तहान लागलेली का, आणि ते मला आठवून नीट सांगायचं होतं.