थंडर बेचे हीटर, हलापाची खोली

कॅनडातल्या थंडर बे शहरातल्या लोकांचे हीटर बंद पडले की फोन आयला कोस्कीला लागायचा. पत्ता लिहून घ्यायचा, समोरच्याला धीर द्यायचा, जवळचा मेकॅनिक धाडायचा, हे काम ती अकरा वर्षं करत होती. त्यातलं शेवटचं दीड वर्ष मात्र मेक्सिकोतल्या हलापा गावी, घरमालकीण डोन्या एउलालियाच्या वरच्या मजल्यावर बसून.

कल्पना तिच्या नवऱ्याची, डॅरिलची. तोही घरूनच नकाशे काढायचा. "नोकऱ्या कॉम्प्युटरात आहेत, मग आपण का बर्फात?" त्यात आयलाच्या वडिलांना, आर्व्होंना, दर हिवाळ्यात छातीचा त्रास. म्हातारा, लेक टेसा आणि सात बॅगा असं बिऱ्हाड हललं. "हिवाळ्यापुरतं जा," एवढंच कंपनीनं म्हटलं होतं. हिवाळा सरला, कुणी विचारलं नाही, आणि हिनंही आठवण करून दिली नाही.

डॅरिलला गाव मानवलं. तेरा वर्षांची टेसा तर सहा महिन्यांत स्पॅनिशमधून भांडायला लागली. आयला मात्र सकाळी सहाला दार लावून घ्यायची ते दुपारी अडीचला उघडायची, तोवर अंगात काही उरलेलं नसायचं. दिवसभर थंडीनं कुडकुडणाऱ्या माणसांशी बोलून बाहेर यावं, तर अंगणात केळी लागलेली. बाजारात तिची वाचाच बसायची. बोट दाखवून वस्तू आणायची आणि घरी येऊन आडवी व्हायची.

आर्व्हो तिच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसत. चाळीस वर्षं धान्याच्या कोठारांवर राबलेला माणूस. इथं त्यांच्याशी बोलणार कोण? दाराआडून ओळखीच्या रस्त्यांची नावं ऐकायची आणि जेवताना चौकशी करायची.

"मग, अल्गोमा स्ट्रीटवाल्या बाईंचा चालू झाला का?"

"बाबा, दुसऱ्यांचं बोलणं ऐकू नये."

"मी कुठं ऐकतो? तूच ओरडतेस."

दुसऱ्या जानेवारीत तिकडं कडाक्याच्या थंडीची लाट आली. फोन थांबेनात. चौथ्या दिवशी आयलाच्या तोंडून नाव निघालं, "लॉरी हेइनोनेन," आणि आर्व्हो दार ढकलून आत. लॉरी त्यांच्या पाळीतला जुना सोबती. ती हातानं नको नको करत राहिली, तोवर म्हाताऱ्यानं तिच्या डोक्यावरचा हेडफोन काढून घेतला होता.

"लॉऱ्या! अरे, मी आर्व्हो! नळ जरा सोडून ठेव, नाहीतर पाइप फुटतील. आणि एकटा गारठत बसू नकोस, शेजारी जा, गाढवा!"

मागं डोन्या एउलालियाचा कोंबडा आरवत होता. सगळं रेकॉर्ड झालं.

दोन दिवसांनी वरिष्ठ नॉरीनबाईंचा फोन आला. "त्यांचे पाइप वाचले, ते कळलं मला. पण आयला, तुम्ही नक्की बसता कुठं?"

आयलानं सांगून टाकलं. एप्रिलपर्यंत परत या, नाहीतर जागा सोडा, असं ठरलं. नॉरीनबाईंचाही आवाज दमलेलाच होता.

"माझ्या पगारात इथं भागेल," डॅरिल जेवताना म्हणाला.

"मी येणार नाही. तुला हवं तर तू जा," टेसा बोलून गेली आणि ताटाकडं बघत बसली. आयला रागावली नाही. रागवायलाही जोर लागतो.

तिनं वडिलांना विचारलं, "तुम्हाला जायचंय ना, बाबा?"

आर्व्होंनी ताट बाजूला सारलं. "लॉरीला फोन करता येतो की. तुला काय हवंय, पोरी?"

"झोप."

"मग झोप की!"

मार्चअखेर तिनं नोकरी सोडली. नऊ दिवस ती जवळजवळ झोपूनच होती. डोन्या एउलालिया सूप आणून ठेवायची, कपाळाला हात लावून काहीतरी पुटपुटायची आणि जायची. दहाव्या दिवशी आयला खाली अंगणात आली आणि तिच्याशेजारी घेवड्याच्या शेंगा सोलत बसली. दोघींना एकमेकींचं फारसं कळत नव्हतं, तरी तासभर बसल्या. पुढं ती आठवड्यातून दोन दिवस टेसाच्या शाळेत इंग्रजी शिकवायला जाऊ लागली.

थंडर बेहून तिच्या बहिणीनं विचारलं, "मग, आता बरं वाटतंय का गं?"

"कळेल," आयला म्हणाली. "अजून दमलेलीच आहे."