कंपनी कुणाच्या बाजूची

माझं बोट ट्रिगरवर नव्हतं. हे वाक्य मी त्या वर्षी इतक्या जणांना सांगितलं की शेवटी मलाच ते खोटं वाटायला लागलं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त संताप आहे.

सिंगापूरमध्ये स्वतःचं पिस्तूल असलेली माणसं मोजकीच. परवाना मिळवताना जीव मेटाकुटीला येतो, आणि मिळाला तरी पिस्तूल घरी नेता येत नाही. ते नेमबाजी क्लबच्या शस्त्रागारात कुलपात राहतं. आमच्या क्लबात मराठी दोघंच. मी पुण्यात कॉलेजपासून नेमबाजी करायचे, आयटीतल्या नोकरीपायी इथे आले तरी सोडली नाही. दुसरे टॅम्पिनीसला राहणारे एक मॅनेजर. वयानं मोठे, म्हणून मी त्यांना दादा म्हणायचे. भाऊबीजेला ओवाळलंही होतं.

एका शनिवारी सकाळी रेंजवर मी काडतुसं भरली, स्लाईड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, पुढे सोडली आणि बोट ट्रिगरच्या बाहेर असताना गोळी सुटली. नळी लक्ष्याकडे होती म्हणून गोळी समोरच्या मातीत गेली. रेंज ऑफिसरनं पिस्तूल काढून घेतलं.

"बोट आत गेलं असणार," तो म्हणाला.

"नाही गेलं."

"सगळे असंच म्हणतात ला," शेवटी इथला सिंगापुरी 'ला' जोडत तो म्हणाला.

क्लबच्या समितीनं तीन महिन्यांची बंदी घातली. नोंदीत एकच शब्द: निष्काळजीपणा. दादा शेजारच्याच लेनमध्ये उभे होते. समितीनं विचारलं तेव्हा म्हणाले, "मी माझ्या लक्ष्याकडे बघत होतो." असेलही, मी स्वतःची समजूत घातली.

पिस्तूल बनवणाऱ्या कंपनीला मी सविस्तर पत्र लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं: पिस्तुलात दोष नाही, हाताळणीतली चूक आहे.

माझा नवरा जहाजावर इंजिनिअर. तो तेव्हा सुट्टीवर वुडलँड्सच्या घरी होता. त्यानं माझ्या पिस्तुलाची माहितीपुस्तिका आणि त्याच मॉडेलची नवी पुस्तिका शेजारी ठेवून दोन दिवस डोकेफोड केली. तिसऱ्या दिवशी त्यानं मला हाक मारली.

"हे बघ. काडतुसावर आपटतो तो घोडा, आणि त्याला अडवून धरणारा हा आतला खटका. नव्यात त्याचा आकार बदललाय, नंबरही बदललाय. जुना खटका झिजला की स्लाईडच्या धक्क्यानं सुटत असणार. तुझं काही चुकलेलं नाही."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. रागानं.

बंदी संपता संपता त्याच कंपनीचा प्रतिनिधी नवं मॉडेल दाखवायला क्लबात आला. तो यायच्या आधी कॅन्टीनमध्ये वाद पेटलेला. दादांचं म्हणणं, जगभर या कंपन्याच आपल्यासारख्या शस्त्रधारकांच्या हक्कांसाठी लढतात; त्या नसत्या तर सरकारांनी केव्हाच सगळं बंद केलं असतं. हौगांगला राहणारे एक निवृत्त चिनी शिक्षक, ज्यांना आम्ही अंकल म्हणतो, कोपी, म्हणजे इथली कॉफी, ढवळत म्हणाले, "लढतात ना. विकायच्या हक्कासाठी. आपला हक्क त्यात बसला तर बसला."

"अंकल, असं बोलून आपलंच नुकसान होतं," दादा चिडून म्हणाले.

प्रतिनिधी आला, छान बोलला. "तुमचे हक्क तेच आमचे हक्क," असंही म्हणाला. मी दोन्ही पुस्तिकांची पानं घेऊन उभी राहिले. "मग माझं पिस्तूल धोक्याचं आहे हे कळण्याचा हक्क मला का नव्हता? खटका का बदललात?"

तो हसला. "नवं मॉडेल म्हणजे सुधारणा, मॅडम. जुन्यात दोष होता असं नाही."

तेवढ्यात दादा इतरांना कळू नये म्हणून मराठीत बोलले. "खाली बस. हे पोलिसांपर्यंत गेलं तर सगळ्यांचे परवाने जातील. कंपनी आपल्या बाजूची आहे, तिला कशाला डिवचतेस?"

"आणि मी कुणाच्या बाजूची, दादा?"

ते प्रतिनिधीला खुर्ची द्यायला उठले.

अंकल मात्र प्रतिनिधीला म्हणाले, "माझ्याकडेही तेच जुनं मॉडेल आहे. बोट न लावता ते सुटणार नाही, एवढं सही करून लिहून द्या."

"त्यासाठी आमच्या वकिलांना विचारावं लागेल."

सभागृहात कुणीतरी मोठ्यानं हसलं. मला हसू आलं नाही.

अंकलनी समितीला भाग पाडलं. क्लबातली त्या मॉडेलची पाचही पिस्तुलं काडतुसं न भरता तपासायचं ठरलं. दुरुस्ती करणारा कारागीर स्लाईड ओढून सोडायचा. माझ्या पिस्तुलाचा घोडा पडला. अंकलच्याही पिस्तुलाचा पडला. आणखी दोघांचा पडला. दादांच्या पिस्तुलाची स्लाईड मात्र तीस वेळा सोडली तरी घोडा जागच्या जागी.

"याचा नाही पडणार," कारागीर सहज म्हणाला. "यात नवा खटका आहे. तुमची गोळी सुटली त्याच आठवड्यात यांनी कंपनीकडून मागवला होता."

मी दादांना पार्किंगमध्ये गाठलं. "तुम्ही पाहिलं होतंत. माझं बोट बाहेर होतं हे तुम्ही पाहिलं होतंत."

ते गाडीचं दार धरून उभे. "मी माझ्या जिवाचं बघितलं. बोललो असतो तर पाचही पिस्तुलं जप्त झाली असती. तीन महिन्यांचाच तर प्रश्न होता तुझा."

"आणि ती गोळी कुणाला लागली असती तर?"

"लागली नाही ना?"

मी त्यांच्या गाडीच्या टपावर जोरात हात आपटला. मनगट चार दिवस ठणकत होतं. पश्चात्ताप अजून झालेला नाही.

नोंदीतला "निष्काळजीपणा" समितीनं खोडला आणि तिथे "यांत्रिक कारण संभवते" असं लिहिलं. माफी कुणी मागितली नाही. कंपनीनं आम्हा उरलेल्या चौघांना नवा खटका फुकट पाठवला. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं, सदिच्छा म्हणून. मी तो बसवला नाही, पिस्तूलच सरकारजमा केलं. आता क्लबाच्या पिस्तुलानं सराव करते. अंकल शेजारच्या लेनमध्ये असतात.

दिवाळीत टॅम्पिनीसहून दादांचा फोन आला. "झालं गेलं विसर, फराळाला ये." मी गेले नाही. कंपनीवरचा राग हळूहळू निवेल, ती बोलूनचालून परकी.