ॲव्हरेजचा स्क्रू

आमच्या शाळेच्या मैदानासाठी बसून चालवायचं गवत कापायचं मशीन आलं, तेव्हा ते कोण चालवणार हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. मैदान वर्षानुवर्षं आमचे शिपाई आबा यांनीच राखलं होतं. आधी विळ्याने, मग ढकलायच्या मशीनने, शेवटी शेवटी दोन्ही गुडघ्यांना तेल चोळून. एका माजी विद्यार्थ्याने हे मशीन शाळेला दिलं आणि आबा त्यावर पहिल्यांदा बसले, त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मी खेळाचा शिक्षक. मैदानाची जबाबदारी माझी, त्यामुळे मशीनचीही. पुढे जे झालं त्यात सगळा दोष माझा होता, आणि तो मी आठ दिवस आबांच्या डोक्यावर राहू दिला. हे आधीच सांगून टाकतो.

मी रोज पहूरहून जळगावला मोटारसायकलने ये-जा करतो. आमच्याकडे दोन गाडीवाले भेटले की तब्येतीच्या आधी ॲव्हरेज विचारतात. माझ्या गाडीचं ॲव्हरेज ऐकून लोक कौतुकाने मान हलवत, आणि मी त्यांना माझी युक्ती मोठ्या आनंदाने सांगत असे: कार्बोरेटरवरचा पेट्रोलचा बारीक स्क्रू अर्धा आटा आवळायचा. इंजिनात पेट्रोल कमी जातं, गाडी लांब पळते. चढावर माझी गाडी धापा टाकायची, पण त्यासाठी मी रस्त्याला नावं ठेवत होतो.

आबा पुतणीच्या लग्नाला पिंपळनेरला गेले आणि नेमकं त्याच दिवशी मुख्याध्यापक मला म्हणाले की मशीन पेट्रोल फार पितं. दुपारी शेडमध्ये जाऊन मी तो स्क्रू आवळला. अर्धा नाही, चांगला पाऊण आटा. चालू करून पाहिलं, उभ्या जागी इंजिन छान गुरगुरलं. स्वतःवर खूश होऊन मी घरी गेलो.

सोमवारी आबा परतले. पातं गवताला लागलं की इंजिन आचके देऊ लागे, रेस वाढवली की आणखीच गुदमरे आणि बंद पडे. आबांनी प्लग काढून घासला. हवेची जाळी धुतली. टाकीतलं पेट्रोल उपसून नवं भरलं. शनिवारी पुढच्या दांड्याला लिंबू-मिरची बांधली. मला सगळं कळत होतं. रोज ठरवायचो की आज सांगू, आणि रोज बेल व्हायची. एकदा आबा मला म्हणाले की लग्नाला जाण्याआधी मशीन उन्हात राहून गेलं होतं, चूक त्यांचीच असावी. त्या दिवशी माझा डबा तसाच परत गेला.

क्रीडा महोत्सव चार दिवसांवर आला आणि गवत घोट्यापर्यंत. मुख्याध्यापक मैदानावर आले. आबांच्या देखतच त्यांनी मला सांगितलं की आबांचं वय झालं, आता मशीन शाळेच्या बसचा ड्रायव्हर चालवेल आणि आबा झाडांना पाणी घालतील. आबा सीटवर हात फिरवत उभे राहिले.

"सर, आबांनी काही केलेलं नाही," मी म्हणालो. "कार्बोरेटरचा स्क्रू मी आवळला. पेट्रोल वाचावं म्हणून. आणि आठ दिवस गप्प बसलो."

मुख्याध्यापकांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मग आबांकडे. दुरुस्त होतंय का पाहा, दुपारी येतो, म्हणाले आणि निघून गेले. मी आबांची माफी मागितली. त्यांनी ती ऐकून घेतली, पण पाना-पेचकसची पिशवी माझ्याच हातात दिली आणि स्वतः सीटवर बसले.

"पार उपाशी ठेवं तुम्ही त्याले," ते म्हणाले. "तुमनी गाडी चढवर रडस ती यानाच मुळे. आते बसा खाले."

मी गुडघ्यांवर बसलो. आबांनी आधी इंजिन दहा मिनिटं चालू ठेवून तापवायला लावलं, थंड इंजिन खोटं बोलतं म्हणाले. मग रेसची दांडी स्लोवर. स्क्रू हळूहळू आवळायचा, इंजिन अडखळलं की थांबायचं. मग सैल करत जायचं, काळा धूर येऊन पुन्हा अडखळेपर्यंत. या दोन जागांच्या मधोमध स्क्रू ठेवायचा. मी मधोमध आणला की आबा डोळे मिटून ऐकत आणि बोटाने खुणावत, अजून थोडा सैल. मग त्यांनी एकदम रेस दिली. इंजिन जरा दचकलं. केसभर आणखी, म्हणाले. पुढच्या वेळी दांडी पुढे सरकली तसा आवाज एका दमात वर चढला, एकही आचका नाही. आबा हसले. त्या सोमवारनंतर प्रथमच.

दुपारी मुख्याध्यापक आले तेव्हा अर्धं मैदान कापून झालं होतं. ते कापलेल्या गवतावरून एक चक्कर मारून आले. जाताना एवढंच म्हणाले की यापुढे आबांना विचारल्याशिवाय मशीनला कुणी हात लावायचा नाही, खेळाच्या सरांनी तर मुळीच नाही. ड्रायव्हरचा विषय पुन्हा निघाला नाही.

शेवटचा पट्टा उरला तेव्हा आबा खाली उतरले आणि मला सीटवर बसवलं. मला आता कळतं की ते बक्षीस नव्हतं. मी पट्टा कापला तो असा वाकडा, की महोत्सवात दोरी लावून आखलेल्या धावपट्टीशेजारी तो लांबून दिसत होता. पाहुणे विचारायचे, हे कुणी कापलं? आबा शांतपणे माझ्याकडे बघायचे. आणि मी, या वेळी एक क्षणही न थांबता, प्रत्येकाला सांगत होतो.